पेटीतील अजगर आणि आपली जीवदया

पोपट, मांजर आणि रंगीत मासे यांच्यापाठोपाठ आता परदेशी सापही हौसेने पाळले जाऊ लागले आहेत. त्यांत ‘बॉल पायथन’ या नावाने ओळखला जाणारा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहानसा अजगर विशेष लोकप्रिय आहे. तो बिनविषारी आणि स्वभावाने भित्रा. भय वाटले की डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे करतो. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. मोबाइलच्या पडद्यावरून ही हौस मुंबई-पुण्याहून यवतमाळ, वणी, पुसदपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. परंतु नवलाई ओसरली की तीच काचपेटी माडीवरच्या कोपऱ्यात जाते. भुकेला साप ओरडत नाही, दारही ओरबाडत नाही. त्यामुळे त्याची उपेक्षा घरातल्यांच्या ध्यानीही येत नाही.

व्यापारी माणूस माल घेण्यापूर्वी तो आला कोठून, टिकेल किती आणि सांभाळण्यास काय लागेल, हे तपासतो. जीव घेताना तर हा हिशेब अधिकच काटेकोर हवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या हवाई मालवाहतूक केंद्रात शोभेच्या माशांच्या मालाआड दडवलेले ६६५ परदेशी प्राणी पकडले गेले. त्यांत अजगर, कासवे, सरडे होते, आणि ११७ जीव आधीच मेलेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईस आलेल्या एका प्रवाशाजवळ बिस्किटे व केकच्या पुड्यांत ९ बॉल पायथन सापडले. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्यास अनुमोदन देणे, हे तिन्ही आपण एकाच मापाने तोलतो. अशा चोरट्या मालाचा ग्राहक या साखळीबाहेर कसा राहील?

टिकण्याचे म्हणाल, तर हा प्राणी नीट सांभाळल्यास वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुई प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली. मुलाने दहावीत घेतलेला साप त्याच्या लग्नानंतरही घरात असू शकतो.

खरा पेच अन्नाचा आहे. साप शाकाहारावर जगत नाही. दूध, भात, फळे यांपैकी काहीही त्याचे अन्न नव्हे. दुधाने तर अपायच होतो. त्याला उंदरासारखा प्राणीच लागतो. तो देणे आपल्या घरात शक्य नाही. आणि त्याला उपाशी ठेवणे हा तर अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी ‘अन्नपाननिरोध’ होय. म्हणून ज्याचे अन्न आपल्याला देता येत नाही, तो जीव विकत आणू नये, हेच सरळ उत्तर.

पण पेटी घरात आलेलीच असेल तर? येथे निसर्गानेच थोडा अवधी दिला आहे. धडधाकट प्रौढ बॉल पायथन काही आठवडे अन्नावाचून राहू शकतो. जागा बदलल्यावर तर पहिला आठवडाभर त्याला खाऊ घालूच नये, असा प्रघात आहे. हा अवधी योग्य हाती सोपविण्यासाठी वापरावा. ऊब, पाणी व निवारा मात्र एक दिवसही लांबणीवर टाकता येत नाहीत.

पेटी स्वच्छ करून तळाशी साधा कोरा कागद अंथरावा. एक बाजू सुमारे ३२ अंश, तर दुसरी सुमारे २६ अंश सेल्सिअस असावी, म्हणजे तो गरजेप्रमाणे सरकतो. उष्णतेची चटई थर्मोस्टॅटशिवाय लावू नये, कारण अंग भाजेपर्यंत साप तिच्यावरून हलत नाही. दोन्ही बाजूंस अंग चोरून बसण्याजोगा आडोसा, जड भांड्यात ताजे पाणी आणि सुमारे ६० टक्के आर्द्रता असावी. झाकण घट्ट, पण हवेशीर हवे.

यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याखालच्या खोलीत बंद पेटी म्हणजे भट्टीच. तेव्हा ती खालच्या मजल्यावर, कूलरच्या थेट झोताबाहेर ठेवावी. पौष-माघाच्या रात्री उलट काळजी घ्यावी लागते. ऊब नसेल तर त्याचे पचन मंदावते, फुप्फुसे बिघडतात.

कात तुकड्यातुकड्यांनी अडकली असेल तर ती ओढू नये. डोळ्यांवरची तर मुळीच नाही. उथळ कोमट पाण्यात पंधरा मिनिटे, समोर बसून, ठेवावे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडाशी बुडबुडे, हिरड्यांची सूज, अंगावर फिरणारे बारीक काळे किडे, पाठीचा कणा वर दिसणे, ही संकटाची चिन्हे होत. अशा वेळी घरगुती औषध करू नये. बळेच भरवूही नये. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यवतमाळहून काही तासांच्या अंतरावर आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. भारतीय जातीचा कोणताही साप पाळता येत नाही. परदेशी बॉल पायथन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत येतो, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर करावी लागते. नोंद नसल्यास दडवून ठेवण्यापेक्षा वनविभागाशी बोलावे. त्यांचा मदत क्रमांक १९२६ आहे.

दोन गोष्टी मात्र कदापि करू नयेत. पहिली, दया म्हणून त्याला टिपेश्वरच्या जंगलात किंवा शेताच्या धुऱ्यावर सोडणे. आफ्रिकेचा हा जीव तेथे तगण्याची आशा नाही, आणि त्याचा रोग आपल्या सापांना लागू शकतो. दुसरी, ओळख न पटता सापाला हात लावणे. अंगावरच्या ठिपक्यांमुळे अत्यंत विषारी घोणस अनेकदा अजगर समजली जाते. कपाशीच्या गोदामात साप दिसल्यास दूर उभे राहून सर्पमित्रास बोलवावे.

आपल्या समाजाने पांजरापोळी उभारल्या, त्या केवळ देखण्या जनावरांसाठी नव्हेत. ज्याला आवाज नाही, ज्याच्याविषयी मनात प्रेम सहज उपजत नाही, त्याचेही दुःख ओळखणे ही जीवदयेची खरी कसोटी आहे. पेटी उघडून पाणी बदलणे, ऊब तपासणे आणि आज एक फोन करणे, एवढ्याने तिचा आरंभ होतो.