पाळी चुकण्याआधीचा घास

घरात सून गरोदर आहे असे कळले की सगळ्यांचे लक्ष तिच्या ताटाकडे जाते. दूध, अंडी, फळे आणली जातात. हे चांगलेच आहे. पण कळते केव्हा? पाळी चुकल्यावर. तोवर गर्भ साधारण दोन आठवड्यांचा झालेला असतो, आणि त्या दिवसांतही त्याला अन्न लागलेलेच असते. ते कुठून येते, हे आपण समजून घेऊ.

गर्भाची पहिली शिदोरी

कोंबडीच्या अंड्यात पिल्लासाठी पिवळा बलक भरलेला असतो. बाईच्या बीजात असा साठा जवळजवळ नसतो. फलन झाल्यावर गर्भ तीन-चार दिवस गर्भनलिकेतून पुढे सरकतो, मग गर्भपिशवीत उतरतो आणि सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास तिच्या अस्तरात रुजू लागतो. तोपर्यंत नाळ नसते, वारही नसते. भोवती असतो तो आईच्या शरीरातून पाझरणारा द्रव. त्यात इतर पोषणासोबत अमिनो आम्ले असतात.

अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या विटा. डाळ, अंडी, मासे पचले की या विटा सुट्या होऊन रक्तात येतात आणि तिथून त्या द्रवात पोचतात. त्या आत घेण्यासाठी गर्भाच्या पेशींना खास दारे असतात. काही विटांपासून नवी प्रथिने बनतात, काहींपासून ऊर्जा मिळते. उंदरांच्या गर्भात ग्लायसिन हे अमिनो आम्ल पेशीतले पाणी सांभाळते, तर ल्युसिन गर्भाला रुजण्याच्या तयारीचा इशारा देते. टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेतही गर्भ ज्या द्रवात वाढवतात, त्यात अमिनो आम्ले घातली जातात.

चार दिवसांची कमतरता

इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या शास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाभण उंदरिणींना फक्त पहिले चार दिवस निम्मी प्रथिने दिली, १८ टक्क्यांऐवजी ९ टक्के. नंतर नेहमीचा आहार सुरू केला. पण त्या चार दिवसांतच त्यांच्या रक्तातील आवश्यक अमिनो आम्ले कमी झाली, गर्भात पेशी कमी भरल्या आणि पुढे काही पिल्लांना उच्च रक्तदाब झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण आईचे पोषण गर्भ राहण्याआधीपासून हवे, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

ताटात काय हवे?

नऊ अमिनो आम्ले शरीर स्वतः बनवत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. भाकरी-चपातीत लायसिन कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे कमी असते, ते धान्यात मिळते. म्हणून भाकरीबरोबर घट्ट वरण, मटकी, चवळी किंवा हरभरे हवेतच. शेंगदाणे स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेले आहेत. अंडी, सुकट, मासे, चिकन यांत नऊही मिळतात. ५५ किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. गरोदरपणात गरज आणखी वाढते. मूल हवे असेल तर आधीपासूनच फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दल आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावे.

आपल्या घरांत बाई सर्वांना वाढून शेवटी जेवते आणि तळाशी उरलेल्या पातळ आमटीवर भागवते. ही रीत मोडायला पैसे लागत नाहीत. सर्वांनी एकत्र बसावे, अंडी आणली तर तिलाही मिळावे.

आणखी एक सांगणे आहे. गर्भ पडला तर बाईला बोल लावू नका. पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो. तिचे खाणे किंवा काम नव्हे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. आईच्या ताटाची काळजी त्याही आधी, आपल्या चुलीपासून सुरू करू या.