टँकरच्या पाठीवरचे चार आकडे

बोरघाटात पुढे पेट्रोलचा टँकर लागला, की माझी नजर त्याच्या पाठीवरच्या पाटीवर खिळते. वर '३ वाय ई', खाली '१२०३'. १२०३ हा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला पेट्रोलचा क्रमांक. भाषा कुठलीही असो, देश कुठलाही असो, हा आकडा बदलत नाही. वरची तीन अक्षरं तर अग्निशमन जवानासाठी अख्खा आदेश आहेत. ३ म्हणजे फोम मारा. वाय म्हणजे भडका उडू शकतो, श्वसनयंत्र लावूनच जवळ जा आणि सांडलेलं गटारात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आसपासची माणसं हलवावी लागतील का, ते बघा. एवढं सगळं तीन अक्षरांत! १९७०च्या दशकात लंडनच्या अग्निशमन दलाने ही लिपी घडवली.

असा आकडा हाताशी नसला, तर काय होतं? भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ला कारखान्यातून विषारी वायू गळला, त्या रात्री हजारो माणसं डोळे चोळत, खोकत दवाखान्यांत आली. डॉक्टरांना मात्र नेमका कुठला वायू आहे आणि त्यावर उपचार काय, हे कळायला मार्ग नव्हता. आज रसायनांच्या एका कोशात २४८० हा आकडा टाकला, की मिथाइल आयसोसायनेट समोर येतं, आणि पाण्याशी त्याचं किती हाडवैर आहे तेही. तो वायू जिच्यातून गळला, त्या टाकीत पाणीच तर शिरलं होतं.

हे सांगणारा 'कॅमिओ केमिकल्स' हा अमेरिकी सरकारी संस्थांनी उभा केलेला रसायनांचा कोश. तो फुकट आहे, आणि मोबाइलवर उतरवून घेतला तर रेंज नसतानाही चालतो. १०१७ टाका: क्लोरीन. हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून तो खड्ड्यात, तळघरात साचतो. पळायचं ते वाऱ्याच्या उलट दिशेने आणि उंचावर.

पण मी थक्क होतो ते त्याच्या दुसऱ्या करामतीने. दोन रसायनं निवडायची, की ती एकत्र आली तर काय घडेल याचा अंदाज तो देतो. हजारो रसायनांच्या जोड्या कोण तपासत बसणार? म्हणून प्रत्येक रसायनाचं कूळ ठरवलंय, आणि या कुळाचं त्या कुळाशी कसं जमतं, त्यावरून हिशेब होतो.

वर्गात मुलांना हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. संडास धुवायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि कपड्यांचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एवढी दोनच नावं त्यात टाकायला सांगायची. पडद्यावर विषारी वायूचा इशारा येतो. तो वायू कुठला, म्हणून शोधायला लावलं, की मुलं जाऊन पोचतात त्याच १०१७वर. रस्त्यावर ज्याच्यासाठी खास टँकर आणि पाटी लागते, तो घरच्या मोरीत दोन बाटल्यांतून तयार होतो.