पिल्लू अडलंय की दम खातंय?

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की तिचं काम तिला कळत असतं. घालमेल होते ती आपली, आणि तीही एकविसाव्या दिवशी. अंड्याला बारीक तडा दिसतो, आतून चिवचिव ऐकू येते, मग पाच-सहा तास काहीच हलत नाही. हात शिवशिवायला लागतात. नखाने जरासं कवच सोलून दिलं तर काय बिघडणार? बहुतेक वेळा बिघडतंच. का, ते कळायला त्या थांबलेल्या तासांत आत काय चालू असतं ते पाहायला हवं.

अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू आतला पापुद्रा चोचीने फोडून त्या पोकळीत तोंड खुपसतं आणि पहिला श्वास घेतं. तोवर त्याचा श्वास कवचाला आतून लागून असलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावर चाललेला असतो. पोकळीतली हवा लवकरच अपुरी पडते, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मानेमागचा एक स्नायू झटके देऊ लागतो आणि चोचीवरच्या टोकदार दातासारख्या उंचवट्याने कवचाला तडा जातो. आपल्याला दिसतो तो हाच. पुढचे 12 ते 24 तास पिल्लू वरकरणी स्वस्थ पडलेलं असतं, पण त्याची दोन मोठी कामं अजून व्हायची असतात. जाळ्यातलं रक्त अंगात ओढून घ्यायचं आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात घ्यायचा. याच बलकावर ते पुढचे दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय काढू शकतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दूरवर पाठवता येतात ती त्यामुळेच. या कामांच्या आधी कवच सोललं, तर रक्त वाहायला लागतं किंवा बलकाची पिशवी बेंबीबाहेर लोंबते. असं पिल्लू क्वचितच जगतं.

दोन्ही कामं उरकली की पिल्लू आत हळूहळू फिरतं आणि रुंद टोकाभोवती कवच कापत जातं. ते काही तासांत होतं. शेवटी पायांनी रेटा देऊन टोपी उडवतं. हा रेटा त्याचा त्यालाच देऊ द्यावा.

आता आमच्या गाझियाबादची हवा, कारण अंड्यातलं पाणी किती उडतं ते तिच्यावर ठरतं. कोंबडीच्या अंड्याला साधारण दहा हजार सूक्ष्म छिद्रं असतात. हर्मन रान, अमोस आर आणि चार्ल्स पॅगानेली या शास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलेला हिशोब असा, की 21 दिवसांत अंडं सहा लिटर ऑक्सिजन आत घेतं आणि अकरा लिटर पाण्याची वाफ बाहेर सोडतं. वाफ जाऊन मोकळी झालेली जागा म्हणजेच ती हवेची पोकळी. मे-जूनमध्ये इथे लू सुटते, पारा 44-45 अंशांवर जातो आणि हवा भट्टीसारखी कोरडी होते. अंड्याला हवं असतं साडेसदतीसच्या आसपास. म्हणजे त्या दुपारी कोंबडी अंड्यांना ऊब देत नसते, उन्हाच्या झळांपासून झाकत असते. चोच उघडी टाकून ती धापा टाकत बसते. अशा दिवसांत पाणी जास्त उडतं, पोकळी मोठी होते आणि तडा गेल्यावर आतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो. जुलैत पाऊस लागला की उलटंच होतं. पाणी पुरेसं उडत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू ओलं, सुजल्यासारखं, फिरायलाही जागा नसलेलं. पहिल्या अडचणीत ओलाव्याचा उपयोग होतो, दुसरीत शून्य. म्हणून महिना कोणता हे आधी बघावं. लूच्या दिवसांत खुराड्याजवळ ओलं गोणपाट टांगावं, जमिनीवर पाणी शिंपडावं. कूलरचा थेट झोत मात्र टोपलीवर येऊ देऊ नये.

तारीख चुकली तर सगळंच चुकतं. दुसऱ्या कोंबड्या खुशाल त्याच टोपलीत अंडी घालून जातात, म्हणून ठेवतानाच पेन्सिलने खूण करावी. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘कारी निर्भीक’सारख्या सुधारित जातीची अंडी आणून देशी कोंबडीखाली ठेवणारे असतात, त्यातली शिळी अंडी थोडी उशिराच फुटतात. अंड्यांच्या रक्षणासाठी टोपलीत कोळसा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवायची जुनी रीत आहे. त्याने तारीख कळत नाही, पण ठेवणाऱ्याला झोप लागते.

तडा गेल्याला 24 तास उलटले, पिल्लू चिवचिवतंय पण पुढे सरकत नाही, तरच अंडं हातात घ्यावं. तेही अंधार पडल्यावर, कोंबडी शांत असताना. भोकातून पापुद्रा बघावा. पांढरा आणि ओलसर असेल तर गुमान परत ठेवावं. पिवळट-तपकिरी, कागदासारखा वाळलेला असेल तर कोमट पाण्यात कापूस बुडवून, पिळून, त्याने पापुद्रा ओला करावा. नाकपुड्यांत थेंब जाऊ द्यायचा नाही. ओला झाल्यावर आरपार दिसतं. लाल रेषा दिसल्या तर रक्त अजून आत गेलेलं नाही. अंडं कोंबडीखाली सरकवून काही तासांनी पुन्हा बघायचं. रेषा नसतील तर हवेच्या पोकळीच्या बाजूने कवचाचे कपचे काढून तोंड मोकळं करावं. रक्ताचा टिपका आला की कापसाने दाबून तिथेच थांबायचं. तडा निमुळत्या टोकाला असेल तर पिल्लू उलटं आहे. तिथे पोकळीच नसते, त्यामुळे श्वासापुरतं भोक ठेवावं, पण घाई दुप्पट महागात पडते. तडा गेलेलं अंडं पाण्यात सोडून बघणं म्हणजे तर पिल्लाला बुडवणंच.

खऱ्या मदतीची वेळ माझ्या मते वेगळीच असते. आधी निघालेली पिल्लं दुसऱ्या दिवशी हिंडायला लागली की कोंबडी त्यांच्यामागे उठते आणि तडा गेलेली एक-दोन अंडी टोपलीत गार पडतात. तिची चूक नाही. आठ पिल्लं सांभाळायची की एका अंड्यापायी बसायचं? अशी अंडी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली द्यावीत. ती नसेल तर खोक्यात ओलसर फडकं घालून वर बल्ब लावावा आणि थर्मामीटर अंड्याच्या उंचीवर ठेवून साडेसदतीस अंश राखावेत. निघालेलं पिल्लू सुकलं की रात्री आईच्या पंखाखाली सरकवावं. दिवसा दिलं तर ती टोचायची शक्यता असते.

उरलेली अंडी तेविसाव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर धरावीत. हालचाल नाही, चिवचिव नाही, तर खड्ड्यात पुरावीत, जपून. नासकं अंडं हातात फुटलं तर वास दोन दिवस जात नाही.