सीडीवरचा सोर्स, डिस्कवरची जागा

प्रणालीचा सोर्स कोड हार्डडिस्कवर न उतरवता थेट सीडीवरून वापरण्याची पद्धत १९९०च्या दशकात रुळली, ती डिस्क महाग होती म्हणून. त्या काळी घरच्या संगणकात काही शे मेगाबाइटची डिस्क असे. सीडीवर मात्र ६५० मेगाबाइट मावत. युनिक्स घराण्यातल्या पूर्ण प्रणालीचा सोर्स शंभर मेगाबाइटच्या पुढे जाई आणि कंपाइल करताना तयार होणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलींना वेगळी जागा लागे. यातला सोर्स बहुतेक वेळा नुसता वाचला जातो. मग तो डिस्कवर कशाला ठेवायचा?

डिसेंबर १९९२ मध्ये आलेले इग्ड्रासिल लिनक्स सीडीवरूनच चालवता येई. वर्षभराने कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीक कंपनीने फ्रीबीएसडीची पहिली सीडी काढली. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावांना सीडीचे मोल अधिकच होते. ऑगस्ट १९९५ मध्ये भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते महानगरांत. वाशीमसारख्या जिल्ह्यात टेलिफोनच्या तारेवरून शंभर मेगाबाइट उतरवणे व्यवहार्य नव्हते. बेळगावात अभियांत्रिकी शिकलेले अतुल चिटणीस यांच्या पुढाकाराने ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सची सीडी देणे सुरू केले. मासिक पोचेल तिथे लिनक्स पोचण्याची सोय त्यामुळे झाली, आणि या उपक्रमाचे ऋण मोठे आहे.

सीडीवर लिहिता येत नाही, ही खरी अडचण. कंपायलर आपल्या फाइली सोर्सच्या शेजारीच ठेवू पाहतो आणि तिथेच अडतो. एक्स विंडो प्रणालीसोबत मिळणारी ‘एलएनडीआयआर’ ही आज्ञा यावर तोडगा होती: ती डिस्कवर तशाच डिरेक्टऱ्या उभारते आणि त्यांत प्रत्येक फाइलच्या जागी सीडीवरील मूळ फाइलकडे नेणारी सिम्बॉलिक लिंक ठेवते. एखादी फाइल बदलायची असेल तर लिंक काढून तिथे खरी प्रत ठेवायची. हजारो लिंकांनाही थोडी जागा लागतेच, पण सोर्सच्या मानाने ती किरकोळ. बीएसडीने ऑब्जेक्ट फाइलींना स्वतंत्र डिरेक्टरी देऊन हा गुंता अधिक नेटका सोडवला. ४.४बीएसडीतील युनियन माउंट सर्वांत देखणा: सीडीवर लिहिता येणारा थर पसरायचा, बदललेली फाइल आपोआप वरच्या थरात उतरते, आणि पुसलेल्या फाइलीच्या जागी ती झाकणारी खूण राहते.

किंमत वेगात मोजावी लागे. मूळ सीडी ड्राइव्ह सेकंदाला १५० किलोबाइट वाची. शिवाय लहान लहान फाइली शोधण्यात वाचकशीर्षाचा वेळ जाई. सीडीच्या आयएसओ ९६६० रचनेत फाइलींची नावे आखूड असत; रॉक रिज विस्ताराने लांब नावे, परवानग्या आणि लिंक टिकू लागल्या. तो नसता तर युनिक्सचा सोर्स सीडीवर जसाच्या तसा राहिलाच नसता.

२००० नंतर डिस्क स्वस्त झाली आणि सोर्ससाठी सीडी अडकवून ठेवण्याचे कारण उरले नाही. तंत्र मात्र पसरले. क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्सने दाबून भरलेली सुमारे दोन गिगाबाइटची प्रणाली एका सीडीवरून चालवली. लिनक्स कर्नलच्या २.६ मालिकेत ऑब्जेक्ट फाइली दुसऱ्या डिरेक्टरीत बांधण्याचा पर्याय आला, त्यामुळे केवळ-वाचनीय सोर्सवरून कर्नल बांधता येतो. २००९ मध्ये फाइली दाबून भरणारी स्क्वॉशएफएस आणि डिसेंबर २०१४ मध्ये थरावर थर रचणारी ओव्हरलेएफएस कर्नलमध्ये दाखल झाली. डॉकरचे कंटेनर आज याच थरांवर चालतात: खालची प्रतिमा अनेकांत सामाईक, वरचा लिहिण्याचा थर ज्याचा त्याचा.