पिकअप वाढवून द्या! गिऱ्हाइकाची मागणी आणि गॅरेजवाल्याचा हिशेब

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला, परंतु त्यावर दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे मुंबईकडून पुण्याला जाणारे बहुतेक मोटारसायकलवाले आजही जुन्या रस्त्याने, खालापूर-खोपोली करीत, शिंग्रोबाच्या देवळावरून बोरघाट चढतात. शनिवार-रविवारी या गाड्यांची रीघ असते. कुंभिवली, खोपोली आणि तिकडे कर्जतच्या बाजूला ज्या बांधवांची दुचाकी दुरुस्तीची दुकाने आहेत, त्यांच्याकडे हे गिऱ्हाईक एकच तक्रार घेऊन येते. घाटात गाडी उचलत नाही, पिकअप वाढवून द्या. गाडी असते लांब पल्ल्याची, पल्सर २२०, करिझ्मा किंवा डॉमिनार. गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार असते. अशा वेळी नेमके काय करावे आणि कशाला हात लावू नये, हे कारागिराला ठाऊक पाहिजे. त्यात त्याची मजुरीही आहे आणि त्याचे नावही.

प्रथम हे समजून घ्यावे की ताकद, पिकअप आणि टॉप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बजाजच्या डॉमिनार ४०० चे उदाहरण घेऊ. २०१६ च्या डिसेंबरात ती बाजारात आली तेव्हा ३७३ सीसीचे इंजिन ८००० आरपीएमला ३५ पीएस ताकद देत होते. २०१९ मध्ये कंपनीने हेड बदलले, एका कॅमच्या जागी दोन कॅम बसवले, आणि ताकद ४० पीएस झाली. टॉर्क मात्र, म्हणजे क्रँक पिळण्याचा जोर, दोन्ही वेळी ३५ न्यूटन मीटरच राहिला. उलट तो जोर ६५०० ऐवजी ७००० आरपीएमला मिळू लागला. म्हणजे वाढलेली ताकद मुख्यतः वरच्या फेऱ्यांमुळे आली. जोर गुणिले फेरे म्हणजे ताकद, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरे. जो माणूस तिसऱ्या गिअरमध्ये ३५०० आरपीएमवर घाटाचे वळण चढतो, त्याला त्या वरच्या पाच पीएसचा उपयोग कितीसा? आणि एवढ्या मोठ्या कारखान्याला पाच पीएससाठी अख्खे हेड नवे करावे लागले, तिथे केवळ एक फिल्टर बदलून पाच पीएस वाढवून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराच्या बोलण्यात किती तथ्य असेल, हे कारागिराला सांगणे नको.

दुकानात आलेल्या दमदार गाडीचा पिकअप बहुधा हरवलेला असतो. तो शोधून देणे हे पहिले काम, आणि खरे पाहता सर्वांत फायद्याचे काम. पल्सर २२० ला दोन प्लग आहेत. त्यातला एक मेला तरी गाडी चालू राहते, फक्त तिचा दम जातो. मालकाच्या ते लक्षातही येत नाही. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीवर एकेका प्लगची कॅप काढून पाहण्याची आपली सवय इंजेक्शनच्या गाडीवर मात्र चालवू नये, कॉइल जायची भीती असते. तिथे कॅपमध्ये चांगला प्लग घालून तो इंजिनला टेकवून तपासावा.

दुसरी जागा क्लच. वरच्या गिअरमध्ये मूठ पिळली की आरपीएम चढतो आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही, तेव्हा क्लच प्लेट सरकते आहे असे समजावे. पुष्कळदा प्लेट खराब नसते, ऑइल चुकीचे असते. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारकारचे आधुनिक ऑइल निसरडेपणा वाढवणारे असते, ते घातले की प्लेटची पकड जाते. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ असे लिहिलेले पाहूनच ऑइल घ्यावे. त्यानंतर चाक उचलून हाताने फिरवावे. ब्रेक धरून राहतो का, चेन कोरडी किंवा जास्त ताणलेली आहे का, ते लगेच कळते. टायरमधील हवा, एअर फिल्टर, टॅपेट आणि सर्वांत शेवटी कॉम्प्रेशन. या तपासणीत बोअर-पिस्टनचा खर्च सुचवण्याची घाई करू नये.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला समजावून सांगावीच लागते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे, खोपोली अगदी पायथ्याशी. वर हवा विरळ होते आणि इंजिनाची सुमारे पाच टक्के ताकद त्यातच जाते. ती कोणी उस्ताद परत आणून देऊ शकत नाही.

गाडी निर्दोष निघाली आणि तरीही पिकअप हवा असेल, तर सर्वांत स्वस्त उपाय स्पॉकेट. समजा पुढे १५ दाते आणि मागे ४५ आहेत, म्हणजे गुणोत्तर तीन. पुढचे स्पॉकेट १४ दात्यांचे घातले की गुणोत्तर ३.२१ होते, आणि प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर सात टक्क्यांनी वाढतो. मागे ४५ ऐवजी ४८ दात्यांचे घातले तरी जवळपास तोच परिणाम. पुढचा एक दात मागच्या तीन दात्यांबरोबर, असा हा सरळ हिशेब आहे. पुढचे स्पॉकेट स्वस्त पडते, पण लहान चक्रावर चेन अधिक वाकते आणि लवकर झिजते, शिवाय स्विंग आर्मला घासते का ते पाहावे लागते. मागचे महाग, पण चेनला सुखाचे. पुढे एकाहून अधिक दात कमी करू नये.

याची किंमतही गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. इंजिनाची ताकद वाढलेली नाही, फक्त गिअरिंग आखूड झाले आहे. ज्या वेगाला पूर्वी ५००० आरपीएम लागत होते, तिथे आता ५३५० लागतील. सपाट रस्त्यावर इंजिन जास्त ओरडेल आणि ॲव्हरेज थोडे घटेल. काही गाड्यांत वेगाचा सेन्सर पुढच्या चाकाऐवजी गिअरबॉक्सजवळ असतो, अशा गाडीचा मीटर खरा वेग दाखवणार नाही. ज्याला घाटापेक्षा सातारा-कोल्हापूरचा सरळ रस्ताच जास्त कापायचा आहे, त्याने स्पॉकेट न बदललेले बरे.

वजनाकडे कोणी पाहत नाही. सुमारे १८५ किलोची गाडी, चालवणारा ७० किलो, मागे ६५ किलो आणि २० किलोचे सामान मिळून ३४० किलो होतात. ते २० किलो सामान घरी ठेवले तर पिकअपमध्ये सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ एका दाताएवढा, आणि तोही फुकट! टॉप वाढवण्याचा नाद तर सोडूनच द्यावा. वाऱ्याचा अडथळा असा आहे की टॉप दहा टक्के वाढवायचा तर ताकद सुमारे एकतृतीयांशाने वाढवावी लागते.

आता सायलेन्सर. आपले अनेक जुने उस्ताद यामाहा आरएक्स १०० वर हात बसवून तयार झाले. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या त्या टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सरचा फुगवटा आणि पोर्टची घासाई यांनी खरोखर गाडी बदलत असे, कारण टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडर भरण्याच्या कामात सायलेन्सरचाही वाटा असतो. ते कसब फोर-स्ट्रोकवर तसेच लागू पडत नाही. इथे पोकळ सायलेन्सर लावला की आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की मालकाला गाडी जोरात गेल्यासारखी वाटते. खालच्या फेऱ्यांवरचा जोर बहुधा घटतोच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. त्यानंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक ठरावीक हिशेबाने पेट्रोल सोडतो. फिल्टर आणि सायलेन्सर मोकळे केले आणि तो हिशेब तसाच राहिला, तर पूर्ण मूठ पिळल्यावर पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि मोठ्या चढावर पिस्टन जळण्याची वेळ येते. संगणकाचा नकाशा बदलण्याचे यंत्र आणि ताकद मोजण्याचा रोलर ज्याच्याकडे नाही, त्याने हे काम घेऊ नये.

यात कायद्याची बाजूही आहे आणि ती गॅरेजवाल्याच्या अंगाशी येणारी आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. डीलरला प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. आणि कायद्याच्या व्याख्येत ‘डीलर’ या शब्दात वाहनदुरुस्तीचा धंदा करणाराही येतो! पुष्कळ कारागिरांना हे माहीतच नाही. मालकाने सांगितले म्हणून केले, हे उत्तर पुरेसे ठरणार नाही. आवाज व धुराच्या नियमभंगाला कलम १९० खाली दहा हजारांपर्यंतचा दंड वेगळाच. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर भर रस्त्यात रोलर फिरवलेले वाचकांनी पाहिलेच असेल. बोअर वाढवणे तर त्याहून धोक्याचे. इंजिनाची सीसी नोंदणी पुस्तकात लिहिलेली असते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच ताडून पाहते. स्पॉकेटचे दाते नोंदणी पुस्तकात नसतात. तरीही कंपनीच्या मापापासून तो बदलच आहे आणि वॉरंटीच्या गाडीवर तो करू नये.

राहिला मजुरीचा प्रश्न. तपासणीची मजुरी वेगळी लावावी आणि ती आधीच सांगावी. दोष प्लगचा निघाला म्हणून तपासणी फुकट करण्याचे कारण नाही, ज्ञानाचेच तर पैसे आहेत. काम करण्यापूर्वी दिवसाउजेडी, रिकाम्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ३० पासून ६० च्या वेगाला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजावे. कामानंतर त्याच रस्त्यावर, त्याच माणसाने पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे बिलावर लिहावेत. पिकअप वाढवलेली गाडी देताना ब्रेक पॅड आणि टायर पाहिल्याशिवाय चावी हातात देऊ नये, कारण चढलेला माणूस तोच घाट उतरणारही असतो. काढलेले मूळ स्पॉकेट कागदात गुंडाळून मालकाच्या हवाली करावे आणि तशी नोंद बिलात करावी.