शब्दांची शिदोरी



प्रवासाला निघण्यापूर्वी आपण बरोबर काय काय घेतो? बारामतीहून इंदापूरला जायचे असेल तर एस.टी.च्या तिकिटापुरते पैसे आणि पाण्याची बाटली पुरे होते. हजला किंवा नोकरीसाठी आखातात जाणारी माणसे मात्र कितीतरी दिवस आधी तयारीला लागतात. कपडे, औषधे, कागदपत्रे, टिकाऊ खाद्यपदार्थ अशी लांबलचक यादी तयार होते. पण एक वस्तू बहुतेकांच्या यादीत नसते. तिला वजन नसते, ती चोरीला जात नाही आणि विमानतळावर तिच्यासाठी जादा पैसेही द्यावे लागत नाहीत. ही वस्तू म्हणजे, जिथे जायचे आहे तिथल्या भाषेतील पंचवीस-तीस शब्द.

ही शब्दांची शिदोरी कशी बांधायची, हे आपण थाई भाषेच्या उदाहरणावरून पाहू. थाई ही थायलंड देशाची भाषा. मुंबईहून विमानाने साडेचार तासांच्या आसपास बँकॉक ही थायलंडची राजधानी येते. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीय प्रवाशांना व्हिसात सवलत दिली, तेव्हापासून तिकडे जाणे आणखी सोपे झाले. कोणी सहलीला जाते, कोणी व्यापारासाठी, तर कोणी शेती पाहायला. आपला बारामती-इंदापूरचा भाग उसाचा आणि साखर कारखान्यांचा. थायलंड हाही साखर निर्यात करणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक आहे. तेव्हा उद्या तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमच्या घरातील कोणी, तिकडे गेले तर नवल नाही.

तुम्ही म्हणाल, “थाई भाषा तर आपल्याला अगदीच परकी! तिचा आपला काय संबंध?” संबंध आहे, आणि तो तुम्ही इतरांपेक्षा लवकर ओळखाल. कारण तुम्हांला उर्दूही येते आणि मराठीही.

आपल्या भागातील फळांपासूनच सुरुवात करू. बारामतीच्या बाजारात द्राक्षे येतात. उर्दूत आपण त्यांना ‘अंगूर’ म्हणतो. हा शब्द फारसी आहे. थाई माणूस द्राक्षांना ‘अंगुन’ म्हणतो. तोच फारसी शब्द, फक्त शेवटच्या ‘र’चा ‘न’ झाला. ‘गुलाब’ तिकडे ‘कुलाप’ होतो. पेरूची गंमत तर आणखी वेगळी आहे. पेरूला थाई भाषेत ‘फरांग’ म्हणतात आणि गोऱ्या परदेशी माणसालाही ‘फरांग’च म्हणतात. आपल्या ‘फिरंगी’ शब्दाचाच हा भाऊ. पेरू मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय लोकांनी तो आशियात आणला, म्हणून थाई लोकांच्या दृष्टीने ते फिरंगी फळ ठरले. डाळिंबाला ते ‘थपथिम’ म्हणतात आणि माणिक रत्नालाही तेच नाव देतात. इंदापूरच्या बागेतील पिकलेले डाळिंब फोडून पाहा, म्हणजे हे नाव का दिले ते कोणाला सांगावे लागणार नाही.

हे फारसी शब्द तिकडे कसे पोहोचले? व्यापाऱ्यांच्या जहाजांतून. पूर्वी आयुथया ही थायलंडची राजधानी होती. तेथे इराणी व्यापाऱ्यांची ये-जा होती. इराणमधील कुम शहराचे शेख अहमद सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे स्थायिक झाले आणि राजाच्या दरबारात मोठ्या पदाला पोहोचले. माल जातो तिथे मालाचे नावही जाते. हा भाषेचा जुना नियम आहे.

दुसरे मोठे भांडार संस्कृत आणि पाली शब्दांचे. बारामतीचे कवी मोरोपंत (1729-1794) यांच्या आर्यांत संस्कृत शब्दांची जशी दाटी आढळते, तशीच थाई भाषेतही आढळते. ‘भाषा’ म्हणजे थाईत ‘फासा’, ‘गुरू’ म्हणजे ‘ख्रू’, ‘वेळ’ म्हणजे ‘वेला’, ‘प्रदेश’ म्हणजे ‘प्रथेत’. बँकॉकच्या मोठ्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी आहे. तो 2006 मध्ये सुरू झाला. पण टॅक्सीवाल्याला ‘सुवर्णभूमी’ म्हणालात तर तो कदाचित गोंधळेल. त्याच्या तोंडी तो शब्द ‘सुवन्नफूम’ असा आहे.

आता या शब्दांकडे पुन्हा एकदा नीट पाहा. त्यांत एक नियम लपलेला आहे. थाई बोलताना शब्दाच्या शेवटी ‘र’ किंवा ‘ल’ उच्चारला जात नाही, त्याचा ‘न’ होतो. शेवटच्या ‘ब’चा ‘प’ होतो, तर ‘श’, ‘ष’ यांचा ‘त’ होतो. हा नियम लक्षात ठेवून पुढचे दोन शब्द ओळखा : ‘आहान हालान’. पहिल्या शब्दाच्या शेवटी ‘न’च्या जागी ‘र’ ठेवा, दुसऱ्याच्या शेवटी ‘ल’ ठेवा. काय झाले? ‘आहार हलाल’, म्हणजेच हलाल जेवण! एक शब्द संस्कृतातून गेलेला, दुसरा अरबीतून. एक मराठीच्या ओळखीचा, दुसरा उर्दूच्या. दोन्ही थायलंडात एकाच ताटात वाढलेले दिसतात.

हे दोन शब्द केवळ गंमत म्हणून लक्षात ठेवायचे नाहीत. थायलंडात बहुसंख्य लोक बौद्ध आहेत आणि डुकराचे मांस तेथे सर्रास खाल्ले जाते. पुड्यांवर आणि अनेक दुकानांवर हलालचे चिन्ह असते. त्यात अरबी अक्षरे असतात आणि उर्दू वाचणाऱ्याला ती लगेच वाचता येतात. परंतु रस्त्याकडेच्या हातगाडीवर असे चिन्ह असेलच असे नाही. तेथे ‘मै किन मू’ एवढे तीन शब्द आले पाहिजेत. मै म्हणजे नाही, किन म्हणजे खाणे, मू म्हणजे डुक्कर. शाकाहारी मित्राने ‘मांगसविरत’ हा शब्द पाठ करावा. त्यात ‘मांस’ आणि ‘विरती’ हे दोन शब्द स्पष्ट ऐकू येतात. आपल्या श्रद्धेप्रमाणे आणि आपल्या सवयीप्रमाणे जेवता यावे, यासाठी इतकी तयारी पुरेशी आहे.

थाई भाषेत अवघड काय आहे, तेही सांगितले पाहिजे. अवघड आहेत ते सूर. मराठीत आपण “तो आला.” असे म्हणतो आणि “तो आला?” असेही म्हणतो. आवाज वर चढला की प्रश्न होतो, पण ‘आला’ या शब्दाचा अर्थ बदलत नाही. थाईत आवाज चढला किंवा उतरला की शब्दच बदलतो. या भाषेत पाच सूर आहेत : मध्यम, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. ‘मै’ हाच शब्द खालच्या सुरात म्हटला तर ‘नवीन’, उतरत्या सुरात ‘नाही’, वरच्या सुरात ‘लाकूड’ आणि चढत्या सुरात ‘रेशीम’! ‘क्लै’ या शब्दाचा घोळ आणखी मोठा आहे. उतरत्या सुरात त्याचा अर्थ ‘जवळ’ आणि मध्यम सुरात ‘दूर’. आजारी माणसाला घेऊन दवाखान्याचा रस्ता विचारणाऱ्याला जवळ आणि दूर यांतील फरक कळला नाही, तर काय होईल याची कल्पना करा.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पहिली गोष्ट म्हणजे शब्द केवळ वहीत लिहून पाठ करू नयेत. देवनागरीत किंवा उर्दू लिपीत सूर लिहिता येत नाही. थाई माणसाच्या आवाजातील ध्वनिफीत ऐकावी आणि त्यामागे मोठ्याने म्हणावे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न असा विचारावा की उत्तर बोटाने दाखवता येईल. ‘थी नै’ म्हणजे कोठे. दवाखान्याला ‘रोंगफयाबान’ म्हणतात. “रोंगफयाबान यू थी नै?” असे विचारले की समोरचा हात करून दिशा दाखवतो. परक्या भाषेत प्रश्न विचारणे सोपे असते, उत्तर समजणे अवघड असते. हे ओळखून विचारणारा प्रवासी शहाणा.

सुरांच्या बाबतीत आपण कच्चे असलो, तरी एका बाबतीत आपण पक्के आहोत. थाईत ‘कै’ म्हणजे कोंबडी आणि ‘खै’ म्हणजे अंडे. दोन्हींचा सूर एकच. इंग्रज माणसाला क आणि ख यांतील फरक चटकन ऐकू येत नाही, म्हणून तो अंडे मागताना कोंबडी मागून बसतो. आपल्याला तो फरक लहानपणापासून येतो. उर्दू शिकणाऱ्यांना तर आणखी एक फायदा आहे. ‘फासा’मधील फ हा पे आणि दोचश्मी हे यांचा आहे. ‘फरांग’मधील फ हा ‘फे’चा आहे. मराठी लिपीत दोन्हींना एकच अक्षर आहे, पण तुमच्या कानाला ते दोन वेगळे आवाज आहेत. थाई माणसालाही ते वेगळेच वाटतात.

आता अंक पाहू. बाजारात अंकांवाचून पाऊल पुढे पडत नाही. नुंग, सोंग, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काव, सिप : हे झाले एक ते दहा. तेरा म्हणजे सिप-साम, दहा आणि तीन. तीस म्हणजे साम-सिप, तीन दहा. पस्तीस म्हणजे साम-सिप-हा. मराठीत आणि उर्दूत शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक अंक वेगळा पाठ करावा लागतो. एकोणपन्नास, उनचास म्हणताना तुम्ही किती वेळा अडखळता ते आठवा! थाईत वरील दहा शब्दांना आणखी दोनच शब्द जोडायचे. अकरा, एकवीस, एकतीस यांतील शेवटच्या एकासाठी ‘एत’ आणि वीसमधील दोनासाठी ‘यी’. अशा बारा शब्दांत नव्व्याण्णवपर्यंत मोजता येते. फक्त क्रम सांभाळायचा. सिप-हा म्हणजे पंधरा आणि हा-सिप म्हणजे पन्नास. रिक्षाचे भाडे ठरवताना हे दोन शब्द उलटसुलट झाले तर पस्तीस बाथचा फरक पडेल. बाथ हे तेथील चलन आहे. ‘थाव रै’ म्हणजे किती.

शिष्टाचाराचे शब्द तर सर्वांत आधी शिकावेत. भेटल्यावर ‘सवतदी’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातील ‘स्वस्ति’वरून विसाव्या शतकात तयार केला गेला आणि 1943 मध्ये तेथील सरकारने तो सर्वांसाठी रूढ केला. आभार मानायचे तर ‘खोप खुन’. माफी मागायची तर ‘खो थोत’. यातील ‘थोत’ म्हणजे आपला ‘दोष’. प्रत्येक वाक्याच्या शेवटी बोलणारा पुरुष असेल तर ‘ख्रप’ आणि स्त्री असेल तर ‘खा’ जोडायचे, की वाक्य नम्र होते. समोर कोण आहे यावर ते अवलंबून नाही, बोलणारा कोण आहे यावर अवलंबून आहे. मराठीत मुलगा ‘मी जातो’ म्हणतो आणि मुलगी ‘मी जाते’ म्हणते, तसेच हे.

काही शब्द समजले की लोकांच्या विचाराची रीतही समजते. थाईत ‘रोत’ म्हणजे गाडी. हा शब्द आपल्या ‘रथा’वरून गेला. ‘फै’ म्हणजे आग. मग ‘रोत फै’ म्हणजे काय? आगगाडी! जुन्या मराठीत रेल्वेला हेच नाव होते. ‘नाम’ म्हणजे पाणी आणि ‘तान’ म्हणजे ताड. ‘नामतान’ म्हणजे ताडाचे पाणी, आणि तोच साखरेसाठी थाई शब्द. पूर्वी तेथे ताडाच्या रसापासून साखर करीत. आज ती उसापासून होते, पण नाव जुनेच राहिले. ‘रोंग-ंगान’ म्हणजे कारखाना. तेव्हा भवानीनगरच्या किंवा माळेगावच्या साखर कारखान्याकडे बोट दाखवून थाई पाहुण्याला काय सांगायचे ते आता तुम्हीच सांगा.

“मोबाईल असताना एवढी खटपट कशाला?” असे कोणी विचारील. मोबाईल भाषांतर करतो हे खरे, आणि त्याचा उपयोग जरूर करावा. आपल्या आजाराचे नाव, औषधे आणि उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता थाई लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवावा, हे त्याहूनही चांगले. कारण मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. पण माणसाच्या तोंडून त्याच्याच भाषेत ‘खोप खुन’ ऐकल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, ते यंत्र बोलल्यावर उमटेलच असे नाही. आपण दोन शब्दांसाठी कष्ट घेतले, यात त्याला आपला आदर दिसतो.

थायलंडच्या दक्षिण टोकाला पत्तानी, याला आणि नराथिवात हे प्रांत आहेत. तेथे मुसलमान बहुसंख्य आहेत. त्यांच्या घरात मलय भाषा बोलली जाते. ती जावी नावाच्या लिपीतही लिहिली जाते. जावीची अक्षरे अरबी लिपीवरून घेतलेली आहेत आणि ती उजवीकडून डावीकडे लिहितात. थाई भाषा ही मुले शाळेत शिकतात, आणि ती लिहिताना त्यांचा हात डावीकडून उजवीकडे चालतो. थाई लिपीचे मूळ, देवनागरीप्रमाणेच, भारतातील ब्राह्मी लिपीत आहे. म्हणजे बारामतीच्या उर्दू शाळेतील विद्यार्थी एका वहीत उर्दू आणि दुसऱ्या वहीत मराठी लिहितो, तसाच एक विद्यार्थी पत्तानीतही दोन वह्या घेऊन बसलेला आहे. त्यालाही घरची भाषा प्रिय आहे. आणि त्यालाही बाजारात, दवाखान्यात, कचेरीत आपले म्हणणे मांडण्यासाठी दुसरी भाषा हवी आहे.

मित्रांनो, शब्दांची शिदोरी बांधायला परदेशीच जावे लागते असे नाही. या सुट्टीत कोल्हापूरला, हैदराबादला किंवा विजापूरचा गोल घुमट पाहायला जाणार असाल, तर एक कोरी वही घ्या. नमस्कार, आभार, माफी, पाणी, जेवण, दवाखाना, कोठे, किती, होय, नाही आणि एक ते दहा अंक, एवढे शब्द तेथील भाषेत आणि तेथील बोलीत कसे म्हणतात ते जाणत्या माणसाला विचारून लिहा. रोज पाच शब्द मोठ्याने म्हणा. चार दिवसांत वही तयार होईल आणि पाचव्या दिवशी तुम्ही निघायला मोकळे!