आमटीत पडलेले मीठ

गेल्या महिन्यात पत्नीच्या रक्ततपासणीचा अहवाल आला. त्यातले इंग्रजी शब्द आणि आकडे पाहून आम्ही दोघेही गोंधळलो. मुलीने मोबाईलवर फोटो काढून तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका अ‍ॅपला दिला. मिनिटभरात सोप्या मराठीत खुलासा हजर! आम्ही हरखलो. तेवढ्यात पत्नीने विचारले, "अगं, पण आता हे सगळं त्याच्याकडेच राहणार का?"

मुलगी गप्प झाली. मीही.

कपाटातला कागद फाडून टाकता येतो. पण अशा अनेक यंत्रणा लोकांनी दिलेल्या मजकुरावरच पुढचे शिकतात आणि शिकलेले त्यांच्या असंख्य आकड्यांत विरघळून जाते. आमटीत पडलेले मीठ चिमटीने काढता येत नाही. तशीच त्यातून एका माणसाची माहिती वेगळी काढणे फार अवघड. म्हणून काळजी घ्यायची ती आधी, यंत्रणा बांधतानाच.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात एक उदाहरणच आहे. वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि बाईंनी 'हो' म्हटले, तरी ती संमती सल्ल्याला लागेल तेवढ्याच माहितीपुरती धरायची. संमतीची सूचना मराठीतही वाचण्याची सोय द्यायची. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तेव्हापासून दीड वर्षाची मुदत दिली गेली. युरोपचा २०१८ पासून लागू असलेला कायदा आणखी स्पष्ट बोलतो: ग्राहकाने काहीच केले नाही तरी, गरजेपुरतीच माहिती वापरली जाईल अशी रचना मुळातच हवी.

हे जमते का? जमते. स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एक युक्ती सुचवली. तिचे सोपे रूप असे. अवघड प्रश्नाचे उत्तर देण्याआधी गुपचूप नाणे उडवा. काटा पडला तर खरे सांगा. छापा पडला तर पुन्हा उडवा आणि नाणे सांगेल ते 'हो' किंवा 'नाही' म्हणा. तुमचे 'हो' खरे की नाण्याचे, हे कुणालाच कळत नाही. हजारो उत्तरांतून एकूण प्रमाण मात्र काढता येते. याच जातीचे गणित अमेरिकेने २०२० च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध करताना वापरले. म्हणजे समूहाकडून शिकायचे, पण माणूस झाकलेला ठेवायचा.

त्या रात्री मुलीने अ‍ॅपच्या आतल्या पानांत बरीच शोधाशोध केली. 'तुमचा मजकूर शिकवणुकीसाठी वापरू' हे बटण आधीपासूनच चालू होते. तिने ते बंद केले आणि विजयी मुद्रेने आईला दाखवले.

आई म्हणाली, "बरं केलंस. पण ते आधीच बंद का नव्हतं?"